न प्यायलेली दारू

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, आणि गावात मी बेवडा म्हणून ओळखला जातो. कोणी आळ घेतलेला नाही. चारचौघांत कान धरून मीच कबूल केलं.

ब्रह्मपुरी ते गडचिरोली मी प्रवासी जीप चालवतो. जीप मालकाची, हाडं माझी. या रस्त्याने कंबर गेलेले ड्रायव्हर खूप पाहिले, माझं मात्र डोकं गेलं. दिवसभराच्या फेऱ्या संपवून खाली उतरलो की नदीतल्या डोंग्यात उभं असल्यासारखी पायाखालची जमीन डुलायला लागायची. गाडी चालवताना काही नाही, डोकं लख्ख. उतरलो की तमाशा सुरू. कधी तासभर, कधी दुसऱ्या सकाळपर्यंत.

आधी पित्त समजून जिरं चघळलं. मग एकेक युक्ती सापडत गेली. उतरल्या उतरल्या चालायचं नाही, बोनेटवर हात ठेवून इंजिन तपासल्याचं सोंग करायचं. नजर लांब, पाण्याच्या टाकीवर रोवायची. आंघोळ बसूनच करायची, कारण साबणाने डोळे मिटले की मी आडवा. खाट सोडून भिंतीला पाठ लावून खाली झोपायला लागलो. बायकोला सांगितलं, कंबर दुखते.

गडचिरोलीच्या एका डॉक्टरने मला डोळे मिटून एका पायावर उभं केलं आणि पडता पडता धरलं. म्हणाला, कानात शरीराचा तोल असतो, तो बिघडलाय. प्रवास संपला तरी तुमच्या शरीराला तो चालूच वाटतो. काही महिने गाडी सोडून बघा. मीठ कमी करा म्हणावं तितक्या सहज तो हे म्हणाला. त्याची चिठ्ठी मी दवाखान्याच्या दारातच फाडली. माझ्या आधीच्या ड्रायव्हरला एकदा फिट आली, तर मालकाने त्याच दिवशी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली होती. वर त्याच्या बाकीच्या जीपांवरच्या आम्हा ड्रायव्हरांना ऐकवलं होतं, "पेनारा सकाळी सुद्दीवर येते. चक्करवाला मले नाई पाह्यजे."

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी. वैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे दुकानं उघडी. त्यामुळे पलीकडून झुलत आलेल्या माणसाचं काय करायचं हे आमच्या गावातल्या बायकांनी ठरवून टाकलंय. थाळ्या वाजवत त्याला घरापर्यंत न्यायचं, दारात कान धरायला लावायचे, आणि आठ दिवस बोरिंगभोवतीचा चिखल उपसायला लावायचा. या बायकांत माझी बायको सगळ्यांत पुढे. तिच्या बापाला दारूनेच नेलं, त्यामुळे तिच्या थाळीला आवाज जास्त.

धान कापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी चौकात उतरलो. रस्ता जागोजाग खणलेला, दिवसभर आदळआपट झालेली. बोनेटला हात लावायला गेलो, तो हात हवेतच राहिला, आणि मी सगळ्यांदेखत गुडघ्यांवर पडलो. "हा तं पिऊन आला वो!" एकजण ओरडली. थाळ्या आल्या. बायकोही आली. तिने वाकून माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. तिथे चहा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा, याशिवाय कसलाच वास नव्हता. तिला कळलं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. ती थांबली. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबली.

तिच्या मागे मालकाचा भाऊ उभा होता, जीप न्यायला आलेला. चक्कर म्हटलं असतं तर उद्या स्टेअरिंगवर दुसऱ्याचा हात.

"पेलो ना," मी म्हणालो. "चुकलो."

मालकाचा भाऊ खदाखदा हसला. बायको सरळ उभी राहिली आणि तिने सगळ्यांपेक्षा जोरात थाळी बडवायला सुरुवात केली. घरापर्यंत माझ्यामागे तिचाच आवाज मोठा होता. मला तिचा इतका राग आला की तोल सावरता आला असता तर मी मागे वळलो असतो.

घरात भात वाढताना तिने विचारलं. मी सगळं सांगितलं.

"गाडी चालवतानी होते का?"

"नाई. उतरल्यावरच."

"आतापरेंत नाई झालं. उद्या झालं तं?"

मी ओरडलो, "चूल त्याच गाडीवर पेटते या घरची!"

"म्हनूनच तं थाळी वाजवली," ती म्हणाली. "मी कोनाले नाई सांगत. जेवा."

मला रडू आलं. गावाने थुंकलं तरी बायको आपली आहे, असं वाटलं. त्या रात्री जमीन डुलत असतानाही मी गाढ झोपलो.

सकाळी नेहमीप्रमाणे चौकात जीप लावली. आमची मुलगी ब्रह्मपुरीला कॉलेजात जाते, रोज माझ्याशेजारच्या सीटवर बसून. गावातली इतर पोरं मागे. काल थाळ्या बडवणाऱ्या बायाच आपापल्या लेकरांना चढवत होत्या. "सकाळी तरी सुद्दीत आहा ना, भाऊ?" म्हणून एकीने सगळ्यांना हसवलं. मी पण हसलो.

मुलगी आली नाही. ती रस्त्यापलीकडे एसटीच्या थांब्यावर उभी होती आणि तिचं मनगट बायकोच्या हातात होतं. मी हॉर्न दिला. मुलीने आईकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून.

इतक्यात एका बाईने आपली धाकटी पोर उचलून त्या रिकाम्या सीटवर बसवली. "पुढंच बसू द्या हिले, मांगं उलटी होते." तिने दार ओढलं, पण ते नीट लागेना.

बायकोने मुलीचा हात सोडला, रस्ता ओलांडून आली, ते दार दोनदा आपटून पक्कं लावलं, आणि परत थांब्यावर जाऊन मुलीचा हात धरला.