विमानतळाच्या वाटेवरचे आबा

तलवाड्याचे दत्तूआबा रास्ता रोकोत स्वतः कधी रस्त्यावर बसलेले दिसायचे नाहीत. बसायचं काम ते दुसऱ्यांना देत आणि खांद्यावर उपरणं टाकून, पाण्याची कळशी घेऊन अडकलेल्या एसटीच्या खिडक्यांशी फिरत. पाण्यामागून चिवडा यायचा. "आपुन आडवलंय न्हवं, मंग त्यो आपला पाव्हना," असं त्यांचं म्हणणं. कालव्याच्या पाण्यासाठी त्यांनी गेवराईचा हायवे कितीदा अडवला असेल. पण आजारी माणसाची गाडी दिसली की आबाच पुढे पळून वाट मोकळी करत. बाकी कुणाला, अगदी आमदाराच्या मेहुण्यालाही, ते सोडत नसत.

असा माणूस माझ्याबरोबर हॉलंडला आला. दुधाचा धंदा बघायला आम्ही काही शेतकरी अभ्यास दौऱ्यावर गेलो होतो. मी केजचा, पण आमची खोली एकच. दिवसभर आबा गोठे बघत आणि संध्याकाळी नातीशी, सुमनशी, फोनवर बोलत बसत. तिचा बाप गेल्यापासून तिला त्यांनीच वाढवलं होतं. आम्ही परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचं लग्न होतं आणि कन्यादान आबा-आजी करणार होते. लग्न एवढं तोंडावर असताना आलात कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, तिनंच ढकललं.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या रस्त्यावर आमची बस थांबली. पुढे ट्रॅक्टर आडवे लावलेले. आमची गाईड रूपाली, पुण्याची मुलगी, म्हणाली की सरकार गुरं कमी करा म्हणतंय, म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी रस्ता अडवलाय. आबांचा चेहरा असा खुलला, की आपणही अडकलोय हेच ते विसरले. थोड्या वेळाने मात्र बेचैन होऊन मला विचारू लागले, "पानी घिऊन कुनी येईना कावून?" कुणीच आलं नाही, तेव्हा पिशवीतले उरलेले शेंगदाण्याचे लाडू घेऊन स्वतःच उतरले. अडकलेल्यांना दिले, अडवणाऱ्यांनाही दिले. एक म्हातारा ट्रॅक्टरवाला तर दुसरा लाडू मागून घेऊन गेला.

उशीर होऊ लागला तसे आमचे चेहरे उतरले. विमान चुकलं तर आबांच्या हातून कन्यादान जाणार होतं. कुणीतरी तोड काढली, की आबांनी मागच्या सीटवर आडवं व्हावं आणि छातीत दुखतंय म्हणावं. रोग्याला ही मंडळी सोडतात. मीही म्हणालो, व्हा आडवे. आबा माझ्याकडे बघतच राहिले.

"आज मी खोटा रोगी झालो, तर उद्या खऱ्याला ही मानसं वाट देतील का?"

सुमनचं काय, असं मी विचारलं. आबा उठले. रूपालीला घेऊन त्या म्हाताऱ्याकडे गेले आणि खरं तेच सांगितलं. म्हाताऱ्याने नीट ऐकून घेतलं, नातीला आशीर्वाद दिले आणि मान हलवली. आजारी माणसाशिवाय कुणाला सोडायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं. आबा परत येऊन बसले. "बरुबर हाय त्याचं. मी बी सोडलं नसतं," म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले. मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

विमान गेलं. माझ्यासाठी थांबू नका, मुहूर्त साधा, असं आबांनी घरी फोनवर सांगितलं. दुसऱ्या विमानाने मुंबईला उतरून जीप पळवली, तरी तलवाड्यात पोचेपर्यंत दिवस कलला. लग्न दुपारचं होतं.

मांडव मात्र गच्च भरलेला होता. मुहूर्त टळून गेला होता, भटजी वैतागले होते, वरपक्ष घुश्श्यात होता आणि सुमन नवरीच्या साडीत मांडवाच्या तोंडाशी जमिनीवर बसली होती. आबा आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही म्हणून ती उठायलाच तयार नव्हती.

आबांनी आधी व्याह्यांपुढे हात जोडले. मग तिच्यापाशी जाऊन वाकले.

"ऊठ माय," ते म्हणाले. "झाली तुजी मागनी मान्य."