वीटभट्टीवाल्याच्या घरात ठेचा

मंडळी, डोळे अजून चुरचुरतायत.

ओहायोतलं आमचं विटांचं व्हिक्टोरियन घर तुम्ही फोटोत पाहिलंयच. आज आईला ठेचा हवा होता. स्मोक अलार्म वाजू नये म्हणून किचनचं दार घट्ट लावून आम्ही दोघींनी मिरच्या भाजल्या. धूर कोंडला, दार उघडायला गेले, तर जुनी पितळी मूठ हातातच आली! खिडक्या तर कायमच्या जाम.

"दार तोड!" मी दाराबाहेरच्या नवऱ्याला ओरडून सांगितलं.

"अगं, ओरिजिनल आहे! हेरिटेज कमिटीची परमिशन लागेल."

आई खोकत म्हणाली, "जावईबापू, मी पण ओरिजिनलच आहे!"

शेवटी स्क्रूड्रायव्हरने सुटका झाली.

घर बांधणारा वीटभट्टीवाला कधीच गेला, पण शेजारी अजून त्याचंच घर म्हणतात. खरं सांगा, हे घर आम्ही घेतलंय, की त्याने आम्हाला ठेवून घेतलंय?