सोयाबीनच्या पिशवीतली तूर

दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राची तोंडी परीक्षा होती, म्हणून अकोला-अमरावती एसटीत मी माझं मॉडेल पुटपुटत होतो: आयातशुल्क काढलं की तुरीचा भाव पडेल आणि शेतकरी सोयाबीन पेरेल.

शेजारी बसलेले काका मांडीवरची सोयाबीन बियाण्याची पिशवी थोपटत म्हणाले, "भाव कोन पाहते बापू? जो तो शेजाऱ्याची पिशवी पाहते आन् तेच पेरते."

"आणि तुम्ही?"

काका कानाशी आले. "हिच्यात तूर हाये!"

मूर्तिजापूरला उतरताना म्हणाले, "तुमचं मॉडेल माह्या शेजाऱ्याले नक्की सांगजा."

परीक्षेत सरांनी मॉडेलची मर्यादा विचारली. घाबरून तोंडून निघालं, "शेजारी."

सर बराच वेळ हसले. त्यांचंही अमरावतीजवळ भातकुलीला शेत आहे.