नापासांची बॅच

दहावीचा निकाल लागला की राजारामपुरीत चौकाचौकात फ्लेक्स चढतात. पोरांचे फोटो, खाली टक्के आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे असलेले क्लासचे सर. आमच्या क्लासचा फ्लेक्स कधीच नसायचा आणि मला त्याचा माज होता.

क्लास आम्ही दोघांनी काढलेला, मी आणि माझा बी.एड.चा मित्र. बारावीच्या गणितात दोघंही एकदा आपटलो होतो, मैत्रीच त्यावर जमलेली. हुशार पोरांना शिकवणारे छप्पन आहेत, आपण नापास झालेल्यांना घ्यायचं. त्यातलं एक पोर पुरवणी परीक्षेत निघालं की ते आपलं यश, बाकी काही मोजायचं नाही. हे बोलला तो. मी नुसती मान डोलावली, पण जगले मात्र मी त्यावर. इचलकरंजीच्या एका कॉलेजातली नोकरी चालून आली तेव्हा नाही म्हणाले. भावानं माझी अक्कल काढली, तरी मला काही वाटलं नाही.

यंदा निकालानंतर क्लासकडे वळताना मी गाडीला करकचून ब्रेक दाबला. विजेच्या खांबाला आमचा फ्लेक्स. भाडं निघावं म्हणून मित्र चालवायचा त्या नेहमीच्या बॅचमधली नव्वदच्या पुढची पोरं ओळीनं, आणि सगळ्यांच्या वर हसणारी मी. पन्हाळ्याच्या सहलीतला फोटो होता, शेजारचे लोक कापून टाकलेले.

स्टॉपवरच्या रिक्षावाल्यांनी हात केले. चहावाला ओरडला, "म्याडम, गाजलासा की!" मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मित्र मात्र खुशीत होता. "तुला सरप्राईज म्हणून लावला. नाराज काय होतेस? आणि नापासांची बॅच यंदा चालवायची नाहीये. कुणी आलंच नाही."

फ्लेक्सवरून मी कचकचून भांडले. कुणी आलं नाही, यावर मात्र विश्वास ठेवला. इतक्या वर्षांचा माणूस, त्याच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

त्याच आठवड्यात मंडईत एक ओळखीची आई भेटली. तिची थोरली मुलगी आमच्याच बॅचमधून पास झालेली. धाकटी यंदा गणितात राहिली होती.

"फोटू लई झ्याक आलाय तुमचा," ती म्हणाली.

"धाकटीला पाठवलं नाही ते?"

"आणलं हुतं की! सर म्हणाले, बाईंनीच ठरवलंय, नापास पोरं आता घ्यायची न्हाईत. क्लासचं नाव खराब हुतंय." माझा चेहरा बघून तीच मला समजावू लागली. "तुमचंबी बरोबर हाय ओ. किती वर्सं करणार?"

त्यानं बॅच स्वतःचं नाव सांगून बंद केली असती, तर मी नुसती चिडले असते. त्यानं माझ्या तोंडून पोरांना हाकललं होतं.

"मी असं म्हटलेलं नाही," मी म्हणाले. "क्लासला नको, उद्या माझ्या घरी पाठवा तिला. मी शिकवते."

तिनं कोथिंबिरीची जुडी पिशवीत घातली.

"नगं, बाई. म्या पाठवीन, पर ती यायची न्हाय. ती म्हणती, बाईंना माझी लाज वाटती."