दादाचे सांबारकांदे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दादरच्या बाजारात भाजी घेत होते. "सुधा, हे गेले..." एवढंच ती म्हणाली. मी भाजी तिथेच टाकून निघाले.

दादा माझा थोरला भाऊ, बँकेतून निवृत्त झालेला. वहिनी माटुंग्याच्या तमिळ घरातली. आजोळच्या शेतातल्या सांबारकांद्यांची, सांबारात अख्खे घालतात त्या छोट्या कांद्यांची, चव इथल्या कांद्यांना नाही, असं ती एकदा सहज बोलून गेली आणि दादाने मनावर घेतलं. त्यांच्या लालबागच्या इमारतीमागे जमिनीची एक पट्टी आहे. जुनी चाळ पाडली तेव्हाचा राडारोडा तिथेच दाबलेला, नुसत्या विटा नि चुना. गवतही धड उगवत नसे. पहिल्या वर्षी दादाने हट्टाने फक्त शेणखत घातलं. कांदे आले हरभऱ्याएवढे. "अहो, हे सोलायचे कसे?" वहिनी हसून म्हणाली. पुढच्या वर्षी चिडून नुसतं रासायनिक खत. पात तरारली, खाली कांदाच नाही आणि माती दगडासारखी. तिसऱ्या वर्षी त्याने दोन्हींचा मेळ घातला. आधी भरपूर शेणखत आणि ओल्या कचऱ्याचं खत मुरवून माती भुसभुशीत केली, मुळं धरल्यावर वरून थोडं रासायनिक मिश्रखत. गुलाबी कांद्यांचे घोसच्या घोस निघाले! वहिनीने सांबार करून मजलाभर वाटलं आणि दादा दारात उभा राहून प्रत्येकाचं तोंड बघत होता...

मग त्याच्या किडन्या गेल्या. औषधं, पथ्य, डायलिसिस, सगळं झालं. शेवटचं भेटले तेव्हा त्याने विचारलं, "पात आडवी पडली का गं?"

"पडली."

"मग पाणी तोड. तयार झाले कांदे." थोडा थांबून म्हणाला, "माझं काय, ते डॉक्टरलाही सांगता येईना." मी त्याचे पाय चेपत राहिले. दुसरं काय करणार होते?

ते कांदे आम्ही काढले. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला त्याने आजारपणातच उशिरा लावलेले अजून कोवळे आहेत. परवा वहिनी त्यांना मिश्रखत घालायला बसली. दादा कधी मोजून घालत नसे. तिने तळहातावर थोडं घेतलं, त्यातलं थोडं परत टाकलं, पुन्हा घेतलं.

"सुधा, ते एवढंच घ्यायचे ना गं?"

मी त्याला कितीदा खत घालताना पाहिलं होतं, पण त्याच्या हाताकडे कधी बघितलंच नव्हतं. वहिनीने मूठ मिटली आणि वाफ्याशी तशीच बसून राहिली.