तातेरावांचं साडेतीनचं भिंग

हिंगोलीच्या मोंढ्यामागं, हळदीच्या वखारींना लागून, तातेरावांचं फोटोचं दुकान होतं. हळदीची पिवळी धूळ त्यांच्या काळ्या कापडावर कायम बसलेली असायची. जन्मानं ते आमच्याच गावचे, शेतकऱ्याघरचे. नांगर सोडून त्यांनी कॅमेरा कसा धरला ती कहाणी निराळी आहे. मी सांगतो आहे ती त्यांच्या एका भिंगाची.

त्यांचा कॅमेरा लाकडी पेटीचा, तिपाईवर उभा राहणारा. भिंग जुनं, आठच्या आकड्याचं. भिंगाच्या कडेला आकडा कोरलेला असतो. आकडा जितका लहान, तितका भिंगाचा डोळा मोठा, आणि तितका थोडा उजेड त्याला पुरतो. आठच्या भिंगाला भरपूर ऊन लागायचं आणि समोरच्या माणसाला दगड व्हावं लागायचं. तातेराव काळ्या कापडातून बाहेर येत, पेटीत फोटोची काच सरकवत, भिंगावरचं झाकण काढत आणि म्हणत, "हालू नका. पापणी लववू नका. श्वास धरा." लग्नात, बारशात, गावोगावी त्यांनी हेच सांगितलं. वसमतेपासून कळमनुरीपर्यंत सगळ्या मुलखाला हा मंत्र पाठ झाला होता. रांगतं लेकरूसुद्धा काळं कापड दिसलं की गप बसायचं.

पण तातेरावांच्या मनात एक वेगळा फोटो घर करून होता. आमच्या गावचे संतरामबुवा भजन म्हणायचे. आवाज असा, की उसाच्या फडातून वारा निघावा तसा आधी दुरून सळसळत येई आणि मग एकदम अंगावर येई. वरच्या सुरावर त्यांचे डोळे मिटत, मानेच्या शिरा तटतटत, चिपळीचा हात कानापाशी थरथरत राही. तातेरावांना तो क्षण हवा होता. गाणारा माणूस, गाताना.

गाणं व्हायचं दिवेलागणीनंतर, देवळाच्या मंडपात, गॅसबत्तीच्या उजेडात. आठच्या भिंगाला तिथं नुसता अंधार दिसायचा. आदल्या साली त्यांनी उजेडाची पूड पेटवून पाहिली होती. भडका उडाला, मंडप धुरानं भरला, बुवांना जी ढास लागली ती काही केल्या थांबेना. पंचांनी पुन्हा पूड आणायची नाही म्हणून बजावलं.

त्यातच त्या साली बुवांचा घसा बसायला लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की यंदाचा दत्तजयंतीचा सप्ताह म्हणा, पुढं गळ्याला तकलीफ देऊ नका. म्हणजे तातेरावांना एकच सप्ताह उरला.

ते आगगाडीनं नांदेडला गेले. तिथं लालसिंग नावाचे फोटोवाले जुनं सामान विकायचे. महायुद्धामुळं परदेशी माल बंद झाला होता. जे होतं ते लालसिंगांनी पुढं मांडलं. एक भिंग मोठ्या डोळ्याचं आणि निर्मळ, पण त्याची किंमत ऐकूनच तातेरावांनी ते खाली ठेवलं. दुसरं स्वस्त, काच स्वच्छ, पण आकडा साडेसहाचा. गॅसबत्तीपुढं तेही आंधळंच ठरलं असतं. तिसरं पितळी, साडेतीनचं, कळ दाबली की आपोआप उघडमीट करणारं. काचेच्या कडेला नखानं ओढल्यासारखा ओरखडा. तातेरावांनी ते दिव्यापुढं धरलं, फिरवलं, मागून कागदावर ज्योतीचं चित्र पाडून पाहिलं. ज्योत लख्ख उतरली.

लालसिंग खरं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "बीच का एक चेहरा साफ मिलेगा, तातेराव. किनारे के लोग भूल जाओ."

"मला एकच चेहरा पायजे," तातेराव म्हणाले.

रोख पुरेना, तेव्हा त्यांनी बदल्यात दुकानातला रंगीत पडदा कबूल केला. महाल, जिना आणि मोर रंगवलेला तो पडदा, ज्याच्यापुढं बसायला लोक हिंगोलीला यायचे. पडदा गेला तेव्हा त्यांच्या बायको शकुबाई म्हणाल्या, "आता मागं काय घोंगडी टांगता? गिऱ्हाईक म्हणंल, फोटो काढला का मेंढरं राखली?"  तातेरावांनी सुताराकडून भिंग बसवायची सागवानी फळी करून घेतली आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी ते गावी आले. फोटोच्या काचा बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या. जवळ एकच उरली होती.

दिवे लागले. पुरुष मंडळी टाळ घेऊन पुढं, बाया मागं खांबाआड. मीही टाळकऱ्यांत होतो. बुवांनी सूर लावला. आवाज जरा घोगरा होता, तरी मंडप भरला. तातेरावांनी कापडाआडून बुवांचा चेहरा नीट बसवला. पेटीच्या मागच्या धुरकट काचेवर चित्र उलटं दिसतं. उलटे बुवा त्यात डोळे मिटून गात होते. मग ते बाहेर आले आणि त्यांनी फोटोची काच सरकवली.

टाळ थांबले. पखवाज थांबला. आम्ही सगळ्यांनी माना ताठ केल्या. बुवांनीही डोळे उघडून पागोटं नीट केलं आणि तोंड मिटून समोर पाहिलं.

तातेरावांनी कळ दाबली नाही. त्यांनी समजावलं, की नवं भिंग झटपट आहे, तुम्ही खुशाल हाला, गा, माझ्याकडं बघू नका. आम्ही समजल्यासारख्या माना हलवल्या. भजन पुन्हा सुरू झालं. ते कापडातून बाहेर आले आणि पखवाज्याचा हात हवेतच राहिला. अंग ऐकेना, त्याला आम्ही तरी काय करणार. बुवा म्हणाले, "तात्या, गळ्यात आता एकच खेप उरली हाय."

मग तातेरावांनी सगळं आधीच जुळवून ठेवलं. कळीची दोरी, टोकाला दाबायचं बोंड असलेली, मुठीत लपवून बाजूला उभे राहिले, तोंड गाभाऱ्याकडं करून, जणू त्यांचा कशाशी संबंध नाही. बुवा चढत गेले. डोळे मिटले. हात कानापाशी गेला. वरचा सूर लागलाच होता, इतक्यात टाळकऱ्यांतल्या सोनाजी पाटलांना ती दोरी दिसली. पाटील मायाळू माणूस, तात्याची काच वाया जाऊ नये म्हणून मोठ्यानं म्हणाले, "हालू नका रे, तात्या फोटो काढून राहिला."

आम्ही दगड झालो. तातेरावांचा अंगठा तेवढ्यात दाबला गेला होता.

बुवांनी पुन्हा सूर लावून पाहिला, तो फाटला. ते हसले आणि चिपळ्या खाली ठेवल्या. तातेराव पायरीवर जाऊन बसले. पाटील त्यांच्याजवळ गेले. "काहून नाराज झालास? कोणी पापणी सुदा लववली न्हाई."

"व्हय," तातेराव म्हणाले. "मीच शिकवलंय ना."

फोटो निघाला तो आजही बुवांच्या घरी भिंतीवर आहे. बुवांचा चेहरा इतका साफ, की मिशीचा केस न् केस मोजावा. तोंड घट्ट मिटलेलं. पाहणारे म्हणतात, बराबर आलाय, जरासुद्धा हालला नाही. तातेरावांनी त्या घरी जाणंच सोडलं. पडद्यावाचून गिऱ्हाईक कमी झालं. जे येई, ते सांगण्याआधीच श्वास धरून बसे.

त्या फोटोची एक प्रत मात्र त्यांच्या गल्ल्यावर असे. मी एकदा गेलो तेव्हा ते मोठं करून दाखवणारी काच घेऊन प्रतीच्या कोपऱ्यावर वाकले होते. मलाही त्यांनी दाखवलं. खांबाआड बायांना ना कॅमेरा दिसत होता ना दोरी, आणि गाण्याच्या नादात पाटलांचं बोलणंही ऐकू गेलं नव्हतं. आम्ही थांबलो तरी त्या धृपद म्हणतच राहिल्या होत्या. सगळ्यात पुढं, खांबाच्या कडेला, बुवांच्या बायको गोजरबाई होत्या. मान मागं टाकलेली, हात वर गेलेला, तोंड उघडं. पण ती भिंगाची कड होती. त्यांचा चेहरा धुक्यात गेला होता.

"गाणं आलंय फोटोत," तातेराव म्हणाले. काच त्यांनी पुन्हा कोपऱ्यावर धरली, जवळ नेली, लांब नेली. चेहरा काही साफ होईना.