बांधापलीकडे गेलेला आंबा

मी एकदा आमच्या मेहुण्यांचा आंबा मुळासकट उचलून शेजारच्या शेतात लावला. कुदळ न लावता! ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. पण परवा हिनं विचारलं, "तुमी सांगता का मी सांगू?"

मेहुणे भगवानराव ताडकळसचे. त्यांचं आणि चुलतभाऊ नामदेवचं शेत बांधाला बांध. आंबा भगवानरावांच्या बाजूला, तरी नामदेव दर उन्हाळ्यात भांडायचा. भगवानरावांनी नवं घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीची भेट म्हणून मी त्या शिवाराचं लाकडी ठशाचं चित्र करायला घेतलं. (निवृत्त चित्रकला शिक्षकाला आवरणार कोण?) एका फळीवर बांध, विहीर आणि बांधावर बसलेले दोघे भाऊ, ती काळ्या शाईची. दुसरीवर नुसता आंबा; ती हिरव्या शाईची. ठसा कागदावर उलटा उमटतो, म्हणून फळीवर सगळं उलटं कोरायचं असतं. पहिली फळी तशीच कोरली. दुसरी घेतली तेव्हा पोटात पुरणपोळी होती! आंबा सुलटाच कोरला. छापल्यावरही मी पानांच्या नक्षीवरच खूश!

भरल्या मांडवात चित्रावरचं कापड निघालं आणि नामदेव ताडकन उठला.

"बघा रे! आंबा माझ्या अंगाला हाय! ह्यांच्याच दाजीनं काढलाय!"

भगवानरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "दाजी, झाड तिकडं कसं काय गेलं?"

'चुकलं' म्हणायचं, एवढंच काम होतं. पण समोर माझे जुने विद्यार्थी बसलेले! मी घसा खाकरला. "कलावंत जे बघतो, तेच काढतो."

भगवानराव नामदेवकडे वळले.

"आमच्या दाजीला चार लोकांत खोटं कसं पाडावं? ने बाबा नामदेवा, आंबे तुझे."

नामदेवनं चित्राचा फोटो मोबाईलवर जपून ठेवला आणि दर साली झाडाचे आंबे उतरवून नेले. आमच्याकडे आता बाजारच्या आंब्याचा रस होतो. माझ्यापुढे वाटी ठेवताना ही ती जरा जोरातच आदळते.

शेवटी गेल्या महिन्यात माफी मागायला निघालो. बसमध्ये वाक्य इतकं घोकलं की शेजारच्या बाई उठून पुढं बसल्या! भगवानरावांनी दारातच माझा हात धरला. डोळ्यांत पाणी.

"दाजी, त्या टायमाला मी मनातून तुमच्यावर लय चिडलो होतो. जावयावर असा राग धरू नाही. माफी करा."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या भगवानराव. मी केव्हाच माफ केलं!"